सहा इंजेक्टर नवे टाकले, तरी गाडी मिस मारतेय आणि चढावर दम सोडतेय

वडाळ्याचा_मालवाहू (सोमवार, रात्री १०:१२)

मंडळी, नमस्कार. गाडी बीएस-४ मल्टीअ‍ॅक्सल, सहा सिलिंडर, कॉमन रेल (सगळ्या इंजेक्टरांना एकाच जाड नळीतून, म्हणजे रेलमधून, हाय प्रेशरचं डिझेल). इंजेक्टर (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे) हेडमध्ये उभे बसतात आणि हाय प्रेशरचा कनेक्टर हेडच्या बाजूने आत येऊन इंजेक्टरला टेकतो, त्या प्रकारचं इंजिन. वडाळा ट्रक टर्मिनलवरून भिवंडी, तिथून माल भरून कसारा घाटाने नाशिक, हा नेहमीचा रूट.

पावसाळा संपता संपता सकाळच्या स्टार्टिंगला पांढरा धूर यायला लागला, आयडलला खडखड सुरू झाली, डिझेलही जास्त लागायला लागलं. इंजेक्टर काढून टेस्ट बेंचवर लावले तर तीन फेल आणि बाकीचे काठावर. म्हणून सहाच्या सहा नवे टाकले. खर्च लाखाच्या वर गेला.

आता स्थिति अशी: सेल्फ पूर्वीपेक्षा जास्त वेळ मारावा लागतो. आयडलला इंजिन मिस मारतं, केबिन थरथरते. रिकामी गाडी ठीक पळते. लोड भरून कसाऱ्याच्या चढाला लावली की पिकअप मरतो, चेक लाइट लागतो आणि मग कितीही पाय दिला तरी आरपीएम वर जात नाही. काळा धूर अजिबात नाही. सकाळी पांढरा अजून येतोच.

मेस्त्री म्हणतात डिझेलचा हाय प्रेशर पंप गेला, पंप काढू. पण इंजेक्टर बदलायच्या आधी हीच गाडी एवढंच वजन घेऊन घाट चढत होती, स्टिअरिंगवर मी स्वतः होतो. पंप काढायच्या आधी काय काय बघून घ्यावं, आणि कुठल्या क्रमाने? गाडी उभी आहे, हप्ता उभा राहत नाही. जाणकारांनी सांगावं.

उरणफाटा (सोमवार, रात्री १०:३१)

हवा धरली असणार. हँड प्रायमर कडक होईपर्यंत मारा, फिल्टरवरच्या स्क्रूतून हवा काढा. इंजेक्टरचं काम झाल्यावर पोर्टाच्या लायनीत आमच्या गाड्यांना हेच व्हायचं. तरी मिस मारलीच तर एकेका इंजेक्टरचा नट थोडा सैल करून बघा. जो सैल केल्यावर इंजिनात फरक पडत नाही तो सिलिंडर मेलेला.

जुना_फिटर (सोमवार, रात्री १०:५०)

उरणफाटा, दुसरा सल्ला लगेच मागे घ्या. हात जोडून सांगतो. एसटीच्या वर्कशॉपमध्ये माझी नोकरी गेली आणि लाइन पंपाच्या गाड्यांवर आम्ही रोज नट सैल करूनच सिलिंडर शोधायचो. तिथे नॉझल साधारण २०० ते २५० बारला उघडायचा. कॉमन रेलमध्ये लोडवर १४०० ते १६०० बार असतात, आयडललाही तीनशेच्या वर. चालू इंजिनवर त्या नळीचा नट सैल करायचा नाही, आणि गळती कुठून आहे हे बघायला हात तर मुळीच फिरवायचा नाही. पुठ्ठ्याचा तुकडा धरतात, तोही लांबून.

कॉमन रेलमध्ये मेलेला सिलिंडर शोधायला स्कॅनर आहे. एकेक इंजेक्टर तो स्वतः बंद करून दाखवतो.

रात्रपाळी (सोमवार, रात्री ११:२२)

गाडीतलं मला काही कळत नाही, धागा वडिलांसाठी वाचत होते (त्यांची गाडी कळंबोलीला लागते). पण जुना_फिटर काकांनी लिहिलं त्याबद्दल राहवत नाही. मी कॅज्युअल्टीत काम करते. हाय प्रेशरने बोटात डिझेल किंवा ग्रीस गेलेला माणूस येतो तेव्हा जखम टाचणी टोचल्यासारखी दिसते. दुखतही नसतं फारसं. म्हणून तो कापडाने पुसून काम चालू ठेवतो. आतमध्ये मात्र डिझेल स्नायुबंधाच्या आवरणातून तळव्यापर्यंत पसरलेलं असतं. काही तासांत बोट सुजतं, काळं पडतं, आणि उशीर झाला तर बोट काढायची वेळ येते.

असं झालं तर त्याच क्षणी काम सोडून मोठ्या हॉस्पिटलात जा, सायन असो, केईएम असो, जे जवळ असेल ते. डॉक्टरांना स्पष्ट सांगा, ‘हाय प्रेशर इंजेक्शनची जखम आहे, आत डिझेल गेलंय’. हे शब्द ऐकल्यावर त्यांना घाई कळते. नुसतं ‘बोटाला लागलंय’ म्हणालात तर रांगेत बसाल. आणि तुमच्या हेल्परांनाही हे सांगून ठेवा, कारण हात आधी त्यांचाच जातो.

उरणफाटा (सोमवार, रात्री ११:३०)

ताई, काका, पटलं. वरचं कोणी वाचून करू नका. हवेचं मात्र मी अजून म्हणतोय.

कळंबोलीकर (मंगळवार, सकाळी ७:०५)

आमच्याकडे आठ-दहा गाड्या आहेत, त्यातल्या निम्म्या याच जातीच्या. माझा पहिला प्रश्न: कोड मारले का?

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी लिहितो. कारखान्यात प्रत्येक इंजेक्टर वेगवेगळ्या प्रेशरला तपासतात. कुठलेही दोन इंजेक्टर अगदी सारखं डिझेल फेकत नाहीत, तो बारीक फरक कोडच्या रूपात त्याच्या डोक्यावर छापतात. बॉशच्या बऱ्याच इंजेक्टरांवर सहा-सात अक्षर-आकडे असतात, डेल्फीवर १६ किंवा २०, डेन्सोवर ३० पर्यंत. तो कोड ज्या सिलिंडरचा त्याच सिलिंडरसमोर ईसीएममध्ये (इंजिनाच्या कॉम्प्युटरमध्ये) टाकायचा. नाही टाकला किंवा अदलाबदल झाली तर ईसीएम जुन्याच हिशेबाने डिझेल देतो, आयडलला थरथर येते. काही इंजिनांना कोड लागतच नाही, म्हणून आधी मॅन्युअल बघा.

माझा अंदाज नव्वद टक्के कोड. दहा टक्के पंप खरोखरच गेलेला असू शकतो, मेस्त्रींना एकदम खोटं ठरवू नका.

वडाळ्याचा_मालवाहू (मंगळवार, सकाळी ८:४०)

कळंबोलीकर, या गाडीला कोड लागतो. बसवायच्या आधी मी प्रत्येक इंजेक्टरचा फोटो काढून ठेवलाय, कुठला कुठल्या सिलिंडरला गेला तेही खडूने लिहून. मेस्त्री म्हणतात कोड मारले. आज स्कॅनरवर मी डोळ्यांनी बघून घेतो.

फक्त_वाचक (मंगळवार, सकाळी ९:१५)

थोडं अवांतर. माझ्या डिझेल एसयूव्हीत एकच इंजेक्टर बदलला, कोड टाकला नाही. गाडी व्यवस्थित चालतेय. मग कोड खरंच इतका महत्त्वाचा आहे का?

पंपरूम (मंगळवार, दुपारी १:२०)

फक्त_वाचक, आधी तुमचं. चालते, कारण ईसीएम आयडलला प्रत्येक सिलिंडरचा वेग मोजून थोडं कमी-जास्त करून घेतो. पण मुख्य इंजेक्शनच्या आधी जे अगदी थोडं पायलट डिझेल पडतं त्याचा हिशेब कोडशिवाय जमत नाही. आवाज वाढतो, धूर वाढतो, डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असेल तर तो लवकर भरतो. कोड टाकून घ्या, पंधरा मिनिटांचं काम आहे.

आता धागाकर्त्यांकडे येतो. माझं काम इंजेक्शन पंप आणि इंजेक्टरच्या बेंचवरच आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

दादा, तुमच्या पोस्टमधली सगळ्यात मोलाची ओळ ही आहे की बदलायच्या आधी गाडी लोडवर घाट चढत होती. जुन्या सहापैकी तीन इंजेक्टर फेल होते. फेल इंजेक्टर म्हणजे बहुतेक वेळा रिटर्नला (टाकीकडे परत जाणाऱ्या वाटेला) जास्त डिझेल सोडणारा. एवढी गळती सोसूनही तुमचा पंप रेलमध्ये प्रेशर धरत होता. आता नवे, कमी गळणारे इंजेक्टर आहेत, म्हणजे पंपावरचं ओझं हलकं व्हायला हवं. तरीही प्रेशर टिकत नसेल तर पंपाकडे मी सगळ्यात शेवटी जाईन. या कामात ज्या ज्या जागी पाना लागला त्या जागा आधी. कळंबोलीकर, म्हणून तुमच्या दहा टक्क्यांशी मी सहमत नाही. पंप नेमका त्याच दुपारी मेला असं मानायला काही पुरावा तर हवा.

दुसरं, तुमच्या दोन तक्रारी वेगळ्या करा. आयडलला मिस मारणं हे एखाद्या सिलिंडरचं दुखणं असू शकतं. लोडवर दम सोडणं, चेक लाइट आणि आरपीएम अडकणं हे रेल प्रेशर कमी पडल्याचं लक्षण वाटतं. ईसीएमने मागितलेलं प्रेशर मिळालं नाही की तो इंजिनाला वाचवण्यासाठी ताकद कापतो. काळा धूर नाही, हेही त्याच बाजूने बोलतं, कारण डिझेलच कमी पडतंय. हवा कमी असती किंवा टर्बोचा पाइप निघाला असता तर काळा धूर आला असता. सेल्फ जास्त लागतो याचंही उत्तर तिथेच सापडेल. रेल प्रेशर साधारण २०० बारच्या वर गेल्याशिवाय ईसीएम इंजेक्टर उघडतच नाही.

तेव्हा आज स्कॅनर लावाल तेव्हा फॉल्ट कोड लिहून घ्या (पुसू नका, आधी लिहा). मग रेल प्रेशर मागितलेलं किती आणि प्रत्यक्ष किती, हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा. आयडलला, रेज केल्यावर, आणि जमलं तर लोडवर चालवताना.

प्रत्यक्ष आकडा खाली राहत असेल तर आधी कमी प्रेशरची बाजू. टाकीतून येणारा पाइप, पाणी वेगळं करणारा फिल्टर, फीड पंप, मुख्य फिल्टर. फिल्टरनंतर पारदर्शक नळीचा तुकडा लावा, बुडबुडे दिसले तर उरणफाटा बरोबर. नाही दिसले तर रिटर्न मोजायचा.

उरणफाटा (मंगळवार, दुपारी १:४५)

रिटर्नसाठी प्रत्येक इंजेक्टरला बाटली लावायची ना? पिकअप गाडीला केलंय मी. ज्याची बाटली आधी भरते तो इंजेक्टर गेला.

पंपरूम (मंगळवार, दुपारी २:१०)

पिकअपला बरोबर. या इंजिनात बाटली लावायला जागाच नाही. सहाही इंजेक्टरांचा रिटर्न हेडच्या आतल्या एकाच गॅलरीतून बाहेर येतो. म्हणून बाहेर एकूण रिटर्न मोजतात, मॅन्युअलच्या मर्यादेशी ताडतात. जास्त आला तर इंजिन बंद करून, रेलचं प्रेशर उतरलंय हे स्कॅनरवर बघून, एका सिलिंडरची नळी काढून रेलच्या तोंडाला टोपी लावतात आणि पुन्हा मोजतात. ज्याला टोपी लावल्यावर रिटर्न एकदम खाली येतो, तिथे गळती. टोपी त्या प्रेशरसाठी बनवलेलीच हवी. बोल्ट ठोकून केलेला जुगाड इथे जीव घेईल.

आणि एक गोष्ट मेस्त्री लोकही विसरतात. रिटर्न जास्त आला म्हणजे इंजेक्टरच खराब असं नाही. बाजूने येणारा कनेक्टर इंजेक्टरच्या तोंडाशी नीट टेकला नसेल तर तिथून सुटणारं डिझेलही त्याच गॅलरीत जातं. बाहेर थेंबही दिसत नाही.

वायरमन_अंधेरी (मंगळवार, संध्याकाळी ६:००)

वायरिंग विसरू नका. या जातीत इंजेक्टरच्या वायरी रॉकर कव्हरच्या आत असतात आणि इंजेक्टरच्या डोक्यावर छोट्या नटांनी बसतात. तो नट जरा जास्त आवळला तर खालचा स्टड तुटतो, कमी आवळला तर सैल राहतो आणि इंजिन गरम झाल्यावर मिस मारतं. कव्हर बसवताना वायर दबून हेडला लागली तरी तेच. मीटर लावून सहाही कॉइलचा रेझिस्टन्स बघा. एक ओहमपेक्षा कमी येईल आणि सगळ्यांचा जवळपास सारखा यायला हवा. मीटरच्या वायरींचा स्वतःचा रेझिस्टन्स आधी दोन्ही टोकं जुळवून बघा आणि वजा करा, नाहीतर एवढ्या छोट्या आकड्यात तोच फसवतो.

जुना_फिटर (मंगळवार, संध्याकाळी ७:३५)

पंपरूम यांचं लिहिणं वाचून समाधान वाटलं. मी एका तांब्याच्या वॉशरबद्दल लिहितो, कारण त्याकडे कोणी बघत नाही.

इंजेक्टर जिथे बसतो त्या बोअरच्या तळाशी तांब्याचा वॉशर असतो. तो ज्वाला आणि कॉम्प्रेशन अडवतो, आणि इंजेक्टर किती खोल बसेल हेही तोच ठरवतो. जुना इंजेक्टर ओढून काढला की पुष्कळदा वॉशर त्याच्यासोबत येत नाही, कार्बनने तळाला चिकटून राहतो. काळ्यावर काळा, वरून दिसत नाही. मग नवा इंजेक्टर नव्या वॉशरसकट त्याच्यावर बसतो. दोन वॉशर झाले की इंजेक्टर दीड-दोन मिलिमीटर वर. क्लॅम्प तरीही आवळला जातो, म्हणून शंका येत नाही. पण नॉझलचा फवारा पिस्टनच्या वाटीत पडायचा तिथे पडत नाही, थंड इंजिनात डिझेल जळत नाही, पांढरा धूर येतो.

आणि तुमच्या इंजिनात दुसरंही होईल. कनेक्टर बाजूने येतो, त्याची जागा ठरलेली. इंजेक्टर वर सरकला तर दोघांची तोंडं समोरासमोर येणार नाहीत.

काढलेल्या जुन्या इंजेक्टरांसोबत किती वॉशर बाहेर आले, हे मेस्त्रींना विचारा. सहा यायला हवेत. जुने पार्ट ठेवले असतील तर स्वतः मोजा.

घाटवाली (मंगळवार, रात्री ९:०५)

आमचं गॅरेज नाही, ट्रान्सपोर्टचा हिशेब मी बघते, म्हणून पैशांच्या बाजूने लिहिते. जुने पार्ट परत मागायचेच, बिलात ‘जुने पार्ट मालकास दिले’ असं लिहून घ्यायचं. नव्या इंजेक्टरांचे सीरियल नंबर बिलावर हवेत, नाहीतर वॉरंटीच्या वेळी कंपनी विचारते हा आमचाच कशावरून. बेंचचा रिपोर्ट कागदावर घ्या. आणि पंप काढायला परवानगी द्यायच्या आधी पंपरूम म्हणतात ते दोन आकडे लेखी मागा. आकडे नसतील तर पाना लावू देऊ नका. गाडी उभी राहिली की ड्रायव्हरचं घर अडतं, तेव्हा घाईत ‘काढा पंप’ म्हणून मोकळं व्हावंसं वाटतं. तेच टाळायचं.

कळंबोलीकर (मंगळवार, रात्री ९:४०)

ताईंचं शंभर टक्के बरोबर. पंपरूम, तुमचा युक्तिवाद मान्य, पण एक विचारतो. जुने इंजेक्टर मुळात खराब का झाले? पंपातून धातूचा चुरा सुटत असेल तर नवेही तसेच जातील. मग पंपाकडे बघायला नको?

पंपरूम (मंगळवार, रात्री १०:२५)

हा प्रश्न योग्य आहे आणि तो प्रत्येकाने इंजेक्टर बदलायच्या *आधी* विचारायला हवा. जुना मुख्य फिल्टर कटरने कापून उघडा, आतला कागद पांढऱ्या कपड्यावर उलगडा, टॉर्च मारा. चकाकणारे कण दिसले आणि चुंबकाला चिकटले तर पंप झिजतोय, मग मी पहिला म्हणेन पंप काढा. पंपावरच्या मीटरिंग युनिटची जाळीही काढून बघतात.

चुरा नसेल तर बहुतेक वेळा पाणी किंवा भेसळीचं डिझेल. इंजेक्टरच्या आतल्या फिटिंगमध्ये दोन-चार मायक्रॉनचं अंतर असतं, माणसाचा केस सत्तरच्या आसपास. तिथे वंगण डिझेलच करतं. त्यात पाणी आलं की गंज, रॉकेल आलं की कोरडं घासणं. पावसाळ्यात टाकीच्या झाकणातून आणि रात्रीच्या दमटपणाने पाणी जमतं. फिल्टरखालचा ड्रेन रोज सकाळी उघडायचा, मुंबईत तर नक्कीच. हायवेवर स्वस्तात मिळणारं ‘बायोडिझेल’ म्हणून जे विकतात त्याला हात लावू नका, चार पैसे वाचतात आणि इंजेक्टर जातात.

फक्त_वाचक (बुधवार, सकाळी ८:१०)

पंपरूम, तुम्ही नाशिकचे का? माझे काका सातपूरला मायकोत (आताची बॉश) होते. नॉझलच्या टोकाची भोकं भिंगातून बघून तपासायची असं सांगायचे. कॉमन रेल आली तेव्हा त्यांना वाटलं हे मोटारींचं फॅड आहे.

पंपरूम (बुधवार, सकाळी ९:००)

शिकलो नाशिकलाच. काकांना सांगा, कॉमन रेल आधी ट्रकमध्येच आली. १९९५ ला जपानमध्ये हिनोच्या ट्रकवर डेन्सोची, आणि मोटारीत १९९७ ला अल्फा रोमिओवर बॉशची. सातपूरच्या नॉझलवर आमच्यासारख्या किती जणांची घरं चालली त्याला हिशेब नाही. त्यांना माझा नमस्कार.

उरणफाटा (बुधवार, सकाळी ११:४५)

नमस्कार पोचला असेल तर आता गाडीचं काय झालं ते कळू द्या, मी कंटेनर खाली व्हायची वाट बघत मोबाइलला चिकटून बसलोय 🙂

वडाळ्याचा_मालवाहू (बुधवार, रात्री ११:०५)

उशीर झाला, माफ करा. दिवसभर गाडीखालीच होतो.

कोड फोटोशी ताडून बघितले, सहाही बरोबर, सिलिंडरही बरोबर. म्हणजे मेस्त्रींनी तिथे नीट काम केलं होतं. वायरिंग: सहाही कॉइल सारख्या, नट ठीक, वायर कुठे दबलेली नाही. फिल्टरनंतर पारदर्शक नळी लावली, एकही बुडबुडा नाही. जुना फिल्टर कापून बघितला, चुरा नाही, पण तळाशी तपकिरी चिखलासारखा थर होता. पाणीच असावं.

स्कॅनरवर फॉल्ट: रेल प्रेशर मागणीपेक्षा कमी. आयडलला दोन्ही आकडे जुळतात पण प्रत्यक्षचा नाचत राहतो. लोड भरलेलीच होती म्हणून सर्व्हिस रोडला चालवून बघितली. मागणी १३०० च्या पुढे गेली, प्रत्यक्ष ९०० च्या आसपास अडकलं आणि चेक लाइट लागला.

जुन्या इंजेक्टरांची पेटी उघडली. जुना_फिटर काका, वॉशर पाचच आहेत.

टोपी उद्या मिळतेय.

जुना_फिटर (बुधवार, रात्री ११:२०)

सहावा हेडमध्येच आहे. शोधायला हेड काढायची गरज नाही. टोपीची टेस्ट करूनच उघडा, म्हणजे सहाच्या सहा उघडावे लागणार नाहीत.

पंपरूम (बुधवार, रात्री ११:३२)

काका, मानलं तुम्हाला.

दादा, तो सापडला की इंजेक्टर आणि कनेक्टर दोन्ही बाहेर काढा. कनेक्टरच्या टोकावर इंजेक्टरला टेकल्याची खूण बघा. पूर्ण, सारख्या जाडीचं कडं दिसायला हवं. अर्धचंद्र दिसला तर कनेक्टर टाकून द्या, परत बसवू नका, तो त्या वाकड्या जागेला मुरलेला असतो. इंजेक्टरचं तोंडही भिंगाखाली बघून घ्या. तिथेही खूण वाकडी असेल तर बेंचवर पाठवा.

बसवताना क्रम पाळा, याच जातीत याला फार महत्त्व आहे. बोअर साफ, कार्बन काढलेला, तळाशी टॉर्च मारून बघितलेलं. एकच नवा वॉशर, बॉक्सवर सांगितलेल्या जाडीचा. इंजेक्टरचं कनेक्टरकडचं तोंड बरोबर दिशेला. क्लॅम्प हलका लावून इंजेक्टर तळाला बसवा, मग सैल करा. आता कनेक्टर त्याच्या खाचेत घालून नट अर्धवट आवळा, म्हणजे इंजेक्टर स्वतःहून त्याच्यासमोर येतो. मग क्लॅम्प पूर्ण आवळा. शेवटी कनेक्टरचा नट पूर्ण. टॉर्क रेंचशिवाय नाही, आणि टॉर्कचे आकडे मॅन्युअलमधलेच घ्या. क्लॅम्प आधी पूर्ण आवळला तर इंजेक्टर जिथे असेल तिथे जाम होतो आणि कनेक्टर त्याला तिरका ढकलत बसतो.

रॉकर कव्हर उघडंच आहे तर टॅपेटही (व्हॉल्व्हचं अंतर) बघून घ्या.

घाटवाली (गुरुवार, सकाळी ७:१५)

पाच वॉशरचा फोटो काढून ठेवा. बोलणी करताना उपयोगी पडेल.

वडाळ्याचा_मालवाहू (शुक्रवार, रात्री ९:५०)

मंडळी, सापडलं.

एकूण रिटर्न मर्यादेच्या कितीतरी वर होता. एकेका सिलिंडरला टोपी लावत गेलो. पाचव्याला लावली आणि रिटर्न खाली आला, स्कॅनरवरचा नाचणारा आकडाही स्थिर झाला. पाचवा उघडला. बोअरच्या तळाशी टॉर्च मारली तर काळंच दिसलं, हुकने खरवडलं तेव्हा तांबं चमकलं. जुना वॉशर. त्याच्यावर नवा वॉशर, त्याच्यावर नवा इंजेक्टर. कनेक्टरच्या टोकावर पंपरूम म्हणाले तसाच अर्धचंद्र. ते बघून मेस्त्रीही गप्प झाले, मग त्यांनीच तो पुसून मला नीट दाखवला.

इंजेक्टर बेंचवर पास झाला, तोंडावरची खूण फार खोल नव्हती. कनेक्टर नवा. क्रमाने बसवलं, टॉर्क रेंच शेजारच्या वर्कशॉपमधून आणला. टॅपेट दोन ठिकाणी किंचित जास्त होते, ते केले. आता हाफ सेल्फवर स्टार्ट होते. पांढरा धूर नाही. आयडलला केबिनमध्ये पाण्याची बाटली ठेवली तर पाणी हलत नाही.

आज माल भरून कसारा चढलो. मागणी आणि प्रत्यक्ष, दोन्ही आकडे घाटभर एकमेकांना धरून होते, १४०० च्या वरसुद्धा. वर पोचल्यावर गाडी बाजूला घेऊन आधी वडिलांना फोन केला. ही गाडी त्यांनीच घेतलेली.

पंप जागचा हलवलेला नाही. गॅरेजवाल्यांनी मजुरी घेतली नाही, कनेक्टरचे पैसेही त्यांनीच दिले. घाटवाली ताई, फोटो दाखवायची वेळ आली नाही, पण हाताशी होता म्हणून बोलताना धीर होता. जुना_फिटर काका आणि पंपरूम, तुमचे पाय धरायला हवेत. एक शंका: बाकीचे पाच पण उघडून बघू का? वॉशर पाच बाहेर आलेत, म्हणजे तिथे नसावं, पण कनेक्टरचा क्रम त्या वेळी पाळला होता की नाही ते माहीत नाही.

पंपरूम (शुक्रवार, रात्री १०:१५)

एकूण रिटर्न आता मर्यादेत आहे आणि लोडवर प्रेशर टिकतंय, म्हणून उघडू नका. प्रत्येक वेळी उघडलं की धूळ आत जायची एक संधी, आणि या इंजेक्टरांना धुळीचा एक कणही पुरतो. स्कॅनरवर एकेक सिलिंडर बंद करून बघा, सगळ्यांना आरपीएम सारखाच पडतो का. सारखा पडला तर विषय संपला. पुढच्या फिल्टर बदलीला रिटर्न पुन्हा एकदा मोजा. टाकी मात्र आत्ताच खाली करून धुवा, त्या तपकिरी थराचं मूळ तिथे आहे. नवे इंजेक्टर त्याच टाकीवर चालू ठेवू नका.

कळंबोलीकर (शुक्रवार, रात्री १०:४०)

माझा कोडचा अंदाज चुकला, पण गाडी चढली याचा आनंद जास्त आहे. आमच्या गॅरेजमध्ये आजपासून इंजेक्टर काढला की वॉशर ट्रेमध्ये त्याच्या शेजारी ठेवायचा नियम केला. सिलिंडर नंबरसकट.

रात्रपाळी (शनिवार, सकाळी ६:५०)

वडिलांना सगळा धागा वाचून दाखवला. त्यांनी आज हेल्परला बोलावून नळीजवळ हात न नेण्याचं समजावलं. धन्यवाद काका.

उरणफाटा (शनिवार, सकाळी ९:३०)

अभिनंदन मालवाहू भाऊ! ती टोपी कुठे मिळाली? आमच्याकडे दोन गाड्या त्याच जातीच्या आहेत, एक सेट घेऊन ठेवावा म्हणतो.

वडाळ्याचा_मालवाहू (शनिवार, सकाळी १०:०५)

मी विकत घेतली नाही, कळंबोलीच्या एका पंपवाल्याकडून अनामत ठेवून आणली. घ्यायचीच असेल तर कुर्ल्याला सीएसटी रोडवर विचारा, पण सोबत आपल्या रेलची जुनी नळी न्या आणि नटाचे आटे जुळवूनच घ्या. दोन जातींचे आटे दिसायला सारखे आहेत. तोपर्यंत अडलं तर मला कळवा, सोमवारपर्यंत ही माझ्याकडेच आहे.